अपुऱ्या वाक्यात उणे काय असते?

प्रश्न : माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि इंग्रजीची ओळख पाचवीत झाली. आता मी एका खाजगी कार्यालयात नोकरी करते. परवा रजेच्या अर्जात मी लिहिले, ‘माय डॉटर सिक. सो नॉट कमिंग टुडे. बिकॉज नोबडी ॲट होम.’ साहेबांनी तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढून ‘वाक्ये अपूर्ण’ असा शेरा मारला. अर्थ तर सगळा कळतो, मग अपुरे काय आहे? शिवाय ‘इट इज रेनिंग’ या वाक्यातला ‘इट’ म्हणजे कोण, हेही मला आजवर उमगलेले नाही.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधी शिकलेल्या पुष्कळ वाचकांना हीच अडचण येते, आणि तिचे मूळ आपल्या मातृभाषेच्या एका सोयीत आहे. ‘येईन’, ‘येशील’, ‘येऊ’ ही तीन रूपे पाहा. पहिल्यात ‘मी’, दुसऱ्यात ‘तू’ आणि तिसऱ्यात ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ प्रत्ययातच सामावलेले आहे, म्हणून ‘उद्या येईन’ एवढे म्हटले तरी मराठीत वाक्य पुरे होते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘विल कम’ एवढेच रूप आहे. कोण येणार ते त्यावरून कळत नसल्यामुळे ‘आय’, ‘यू’ किंवा ‘वी’ हा कर्ता तिथे लिहावाच लागतो. नुसते ‘कम टुमॉरो’ लिहिले, तर ती समोरच्याला केलेली आज्ञा होते.

दुसरी सोय ‘आहे’ची. ‘माझी मुलगी आजारी’ असे आपण सहज बोलतो आणि ऐकणारा ‘आहे’ मनातल्या मनात घालून घेतो. ‘सिक’ हे मात्र विशेषण आहे. त्याच्या आधी ‘इज’ आले नाही, तर त्या वाक्याला क्रियापदच उरत नाही. ‘कमिंग’सारखे रूप तर फार फसवे, कारण ते क्रियापदासारखे दिसते, पण ॲम, इज, आर, वॉज किंवा वेअर यांच्यापैकी कुणाचा तरी हात धरल्याशिवाय ते वाक्याचा भार पेलू शकत नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्यात त्यामुळे ‘आय’ आणि ‘ॲम’ हे दोन्ही हवे होते.

‘बिकॉज’ने सुरू होणारे वाक्य गौण असते, त्याला टेकायला मुख्य वाक्य लागते. बोलताना कुणी ‘का?’ असे विचारल्यावर तेवढेच उत्तर चालते. अर्जात ते पूर्णविरामाने तोडू नये. तुमचा मजकूर असा होईल : ‘माय डॉटर इज सिक. आय कॅनॉट कम टुडे, बिकॉज देअर इज नोबडी एल्स ॲट होम.’ जाता जाता एक सांगतो, आपल्याकडे ‘जरी’ला ‘तरी’ची जोड लागते, पण इंग्रजीत ‘ऑलदो’ आल्यावर ‘बट’ घालत नाहीत.

काही दिवस, लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली एक आणि क्रियापदाखाली दोन रेघा ओढा. जिथे यांतली एखादी रेघ ओढता येणार नाही, तिथले वाक्य अपुरे आहे असे समजा. साहेबांची लाल पेन्सिल फिरण्याआधी तुमची स्वतःची फिरली, तर चूक मनात जास्त पक्की बसते, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

आता ‘इट’विषयी. ‘पाऊस पडतो’ या मराठी वाक्यात पाऊस हा कर्ता आहे आणि पडणे ही त्याची क्रिया. इंग्रजीत ‘रेन’ हेच क्रियापद झाले, तेव्हा कर्त्याची जागा रिकामी पडली. ती मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ‘इट’ बसवला. तो कुणाच्याही नावाऐवजी आलेला नाही. ‘सात वाजले’ याचे ‘इट इज सेव्हन ओक्लॉक’ होते, तेव्हा त्यातला ‘इट’ही असाच केवळ जागा धरून बसलेला असतो.