कर्करोगावर संशोधन करायचंय. डीएमएलटी की एमएस्सी?

प्रश्न : मुलगी जळगावला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात गाठीतल्या प्रथिनांवरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधतात, त्या संशोधनात तिला जायचंय. भाऊबंद म्हणतात, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) करा, लगेच पगार सुरू होतो. काय करावं? – एक पालक, यावल

उत्तर : डीएमएलटीत वावगं काही नाही, पण त्यात स्लाइड रंगवण्यापर्यंतचं काम हाती येतं. रुग्णाच्या रिपोर्टवर सही एमडी पॅथॉलॉजिस्टची असते. संशोधनच हवं असेल, तर बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी आणि मग पीएचडी, हाच रस्ता. बायोटेकच्या एमएस्सी प्रवेशासाठी जीएटी-बी ही परीक्षा द्यावी, पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात कर्करोगावर पीएचडी करता येते.

फॉर्म भरण्याआधी मात्र तिने हे काम जवळून पाहावं. प्राचार्यांचं पत्र घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीच्या विभागप्रमुखांना भेटा, सुटीत हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे गाठींचे तुकडे तपासतात त्या विभागात, बसू देतील का ते विचारा.

काय पाहायचं? गाठीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात, त्याचे ३-४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढतात. मेण उतरवून काप बफर नावाच्या द्रावणात तापवतात, म्हणजे फॉर्मॅलिनने झाकलेलं प्रथिन मोकळं होतं. मग त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी, शेवटी डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग; प्रथिन असेल तिथे तो उमटतो. नवशिके चुकतात ते यापुढे. स्मॅड-४ हे प्रथिन स्वादुपिंडाच्या साधारण निम्म्या कर्करोगांत नाहीसं होतं. गाठीच्या पेशी रंगल्या नाहीत की ‘प्रथिन गेलं’ असं लिहून मोकळे होतात. आधी शेजारच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) बघायच्या; त्या निरोगी असल्याने त्यांत हे प्रथिन असतं, म्हणून त्या रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या असतील, तर चाचणीच फसली. स्वादुपिंडाचे पाचकरस त्याच्याच पेशी पचवतात; तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला की असं होऊ शकतं.

दुसरी मेख नमुन्यात आहे. निदान होतं तेव्हा शस्त्रक्रिया शक्य असते ती जेमतेम १५-२० टक्के रुग्णांत. अख्खी गाठ त्यांचीच मिळते, बाकीच्यांचा सुईने काढलेला कण. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्यांवरचा निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावता येत नाही. हे समजायला संख्याशास्त्र लागतं, म्हणून ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅप्लान-मायर आलेख (किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा) तिने आत्तापासूनच शिकावेत. मायक्रोबायोलॉजीची मुलं नेमकी इथेच अडतात.

राहिला पैशाचा प्रश्न. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आणि वर घरभाडे. पण एमएस्सीची २ वर्षं खर्च घरूनच होईल, त्याची तजवीज आधी करा.