भूल उतरताना कानाशी कुणाचा आवाज असावा?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पुढच्या आठवड्यात त्याचं टॉन्सिल आणि ॲडेनॉइडचं ऑपरेशन आहे. शेजारच्या मुलीने भूल उतरताना इतका आकांत केला की तिला आईही ओळखू येईना. गाणी लावली तर मुलं शांत होतात, हे खरं का? आमचे हे म्हणतात बासरी लाव, सासूबाई म्हणतात मीच गाते.
— एक आई, कळवा

उत्तर : ताई, सासूबाईंना गाऊ द्या.

मी ठाण्यात भूलतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम लहान मुलांमध्येच असतं. शेजारच्या मुलीला झालं ते दोन ते सहा वर्षांच्या मुलांत बऱ्याचदा दिसतं. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूची भूल असेल किंवा कान-नाक-घशाचं ऑपरेशन असेल तर जास्तच. मूल डोळे उघडतं, हातपाय झाडतं, सलाईनची सुई ओढतं, पण पुरतं जागं झालेलं नसतं. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत हे आपोआप ओसरतं आणि मुलाला सहसा आठवतही नाही. आईच्या मनातून मात्र जात नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एकदा आकांत सुरू झाला की मोबाइल कानाशी नेऊन फारसा उपयोग नसतो. गोंगाटात आणखी एका आवाजाची भर, एवढंच. गाणं मूल डोळे उघडण्याआधीच, हळू आवाजात सुरू हवं. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत, मॉनिटर वाजत असतात, ट्रॉल्या खडखडतात, अनोळखी माणसं नावाने हाका मारतात. त्यात एक तरी आवाज घरचा असावा. बासरी गोड आहेच, पण तुमच्या मुलाला ती ओळखीची आहे का?

कोपरखैरण्याच्या एका आगरी घरातल्या मुलीसाठी आजीने आपल्या बोलीतलं गाणं रेकॉर्ड करून दिलं होतं. मध्येच कुकरची शिट्टी होती. आईने विचारलं, "ती कापू का?" मी म्हटलं, मुळीच नको. भूल उतरताना पोरगी रडली, पण आजीचा आवाज ऐकून कुशीवर वळली आणि सुईला हात लावला नाही. प्रत्येक मुलाचं असंच होईल असं वचन मी देणार नाही, पण करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

तेव्हा आजपासूनच सासूबाईंचं संथ गाणं रेकॉर्ड करून रोज झोपताना लावा. फाइल फोनमध्येच साठवा. नेटवरून लावलं की मध्येच जाहिरात किंचाळते. हेडफोन नको, सिस्टरची हाक त्याच्या कानावर पडली पाहिजे. पडदाही दाखवू नका, त्या वेळी नजर धूसर असते. तुम्हाला रिकव्हरीत येऊ देतील का आणि फोन चालेल का, हे भूलतपासणीच्या दिवशीच विचारून घ्या. रुग्णालयागणिक नियम वेगळे असतात.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगते. गाणं हे दुखण्यावरचं औषध नव्हे. मूल शुद्धीवर येऊनही रडत असेल, घशाकडे हात नेत असेल, तर आवाज वाढवू नका, सिस्टरला बोलवा. त्याला वेदनाशामक लागत असेल.

घरी आल्यावर काही दिवस तो रात्री दचकून उठू शकतो, तेव्हाही तेच गाणं लावा. मात्र झोपेत तो सारखे घोट गिळताना दिसला किंवा तोंडातून ताजं रक्त आलं, तर तडक रुग्णालय गाठा. टॉन्सिलनंतरचा रक्तस्राव पाच ते दहा दिवसांनीही होऊ शकतो.