हेवीवेट कुठे गेले, या तुझ्या लेखाविषयी

प्रिय मित्रा,

तुझा लेख सावकाश वाचला. अमेरिकेतली धिप्पाड पोरं फुटबॉल (तिथला, धडका देत खेळायचा अमेरिकन फुटबॉल) आणि बास्केटबॉलने पळवली, म्हणून तिथे पूर्वीसारखे हेवीवेट, म्हणजे बॉक्सिंगच्या सर्वांत जड गटातले, जगज्जेते होत नाहीत, हा तुझा मुद्दा. त्यात तथ्य आहे. पण ज्या पुराव्यावर तू तो उभा केलास तो कच्चा आहे, आणि पक्क्या पुराव्याला तू हातही लावलेला नाहीस. बॉक्सिंगवर मराठीत मन लावून लिहिणारे थोडे आहेत, त्यामुळे तुझ्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सचा परिच्छेद काढून टाक. त्याने ग्लोव्ह्ज चढवले असते तर त्याच्यापुढे कोण टिकलं असतं, हा प्रश्न वाचायला झकास आहे, पण त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. ज्यांनी खरोखर प्रयत्न केला त्यांच्याकडे बघ. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचा एड ‘टू टॉल’ जोन्स 1979 मध्ये भर कारकिर्दीत फुटबॉल सोडून रिंगमध्ये उतरला, सहा लढती जिंकला आणि पुढच्याच वर्षी फुटबॉलकडे परत गेला. डॉमिनिक ब्रेझील कॉलेजात फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, होता. तो 2012 च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला, पुढे जागतिक जेतेपदासाठी दोनदा लढला. 2016 मध्ये ब्रिटनच्या अँथनी जोशुआने त्याला सातव्या फेरीत संपवलं, 2019 मध्ये अमेरिकेच्याच डिऑन्टे वाइल्डरने पहिल्याच फेरीत.

सेथ मिचेलची गोष्ट तर तू नीट अभ्यासायलाच हवीस. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा हा लाइनबॅकर (बचावफळीतला खेळाडू) गुडघ्याच्या दुखापतीमुळे फुटबॉलला मुकला आणि बॉक्सिंगकडे वळला. अंगाने असा, की अमेरिकेला नवा हेवीवेट सापडला असं बोललं जाऊ लागलं. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याच्यासमोर जोनाथन बँक्स आला. बँक्स अंगाने त्याच्यापेक्षा लहान, पण डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममध्ये इमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली घडलेला. लढत दुसऱ्याच फेरीत आटोपली. मिचेल ठोसे लगावत पुढे घुसत होता आणि बँक्सचा ठोसा त्याला दिसलाच नाही. परतीच्या लढतीत मिचेलने सांभाळून खेळून गुणांवर विजय मिळवला, हेही लिही. पण त्यानंतर ख्रिस अरिओलाने त्याला पहिल्या फेरीत झोपवलं. फुटबॉलमध्ये एक डाव काही सेकंदांचा, मग दम घ्यायला उसंत. रिंगमध्ये तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या. फुटबॉलसाठी कमावलेले ते दंड चौथ्या फेरीपासून ओझं होतात. कोल्हापूरच्या तालमीत कुणी नुसतं अंग बघून पैलवान म्हणत नाही. पोरगं कुठल्या वस्तादाकडे आहे ते आधी विचारतात. तोच प्रश्न तू अमेरिकेबद्दल विचारायला हवास.

म्हणजे असं, की एनएफएलमध्ये, अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, खेळणारा तयार खेळाडू हा बॉक्सिंगने गमावलेला जगज्जेता नव्हे. गमावला जातो तो शाळकरी मुलगा, ज्याच्यात काय आहे हे अजून कुणालाच माहीत नसतं. शाळा सुटल्यावर त्याला हाक कोण मारतं, हे बघ. वर्गात तो सगळ्यांत उंच असतो, तेव्हा फुटबॉलचा प्रशिक्षक शाळेतच असतो, मैदानही तिथेच. पुढे कॉलेज. वरच्या गटातल्या प्रत्येक कॉलेज संघाला कित्येक वर्षं 85 शिष्यवृत्त्या देता येत होत्या. त्याच्याही पुढे एनएफएलचे 32 संघ, प्रत्येकात 53 खेळाडू. बहुतेक मुलं तिथवर पोहोचत नाहीत, पण निदान शिक्षण पदरात पडतं. आई-वडिलांनी ठोसे खायला का पाठवावं?

आणि हा दरवाजा बॉक्सिंगला कायमच बंद होता असंही नाही. अमेरिकन कॉलेजांत बॉक्सिंग होतं, मोठी गर्दी खेचणारं. एप्रिल 1960 मध्ये आंतर-कॉलेज अजिंक्यपद स्पर्धेत विस्कॉन्सिनचा चार्ली मोर मेंदूतल्या रक्तस्रावाने कोसळला आणि आठ दिवसांनी गेला. त्यानंतर एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने ती स्पर्धाच बंद केली. त्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही, विशीतला पोरगा गेला होता. पण त्या दिवसापासून बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलाला कॉलेजची वाट उरली नाही. तुझ्या लेखात 1960 हे साल कुठेच नाही. ते आल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही.

जुन्या सुवर्णकाळाबद्दलही सावधपणे लिही. जो लुईस 1937 ते 1949 जगज्जेता होता. त्याच्या उमेदीच्या काळात, 1934 ते 1945, एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. बेसबॉलच्या मुख्य लीगचं दार 1947 ला उघडलं, एनबीए या बास्केटबॉल लीगचं 1950 ला. लुईससारख्या डेट्रॉइटच्या धडधाकट काळ्या मुलाला खेळावर पोट भरायचं तर दुसरे रस्ते होते कुठे? ते उघडले ही आनंदाची गोष्ट आहे. बॉक्सिंगवर माझं प्रेम आहे, तरी ती मुलं परत कोंडली जावीत असं मला स्वप्नातही वाटणार नाही, आणि तुझ्या लेखातल्या हळहळीतून चुकूनही तसा सूर निघता कामा नये.

घराघरांत हा बदल कसा झाला ते केन नॉर्टनच्या घरात दिसतं. बापाने 1973 मध्ये मोहम्मद अलीचा जबडा मोडला. मुलगा केन नॉर्टन ज्युनियर लाइनबॅकर झाला आणि लागोपाठ तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकला. टचडाऊन केल्यावर तो गोलपोस्टच्या गादीवर जॅब-हूक असे बॉक्सिंगचे ठोसे मारायचा, बापाची आठवण म्हणून. इव्हँडर होलीफिल्डचा एक मुलगाही जॉर्जिया विद्यापीठात फुटबॉलच खेळला. जगज्जेत्यांच्या घरातली ही गत, तर इतरांचं काय?

आता तुझ्या मुद्द्याला सर्वांत जास्त बळ देणारी गोष्ट. हलक्या वजनगटांत अमेरिका आजही दादा आहे: 2025 मध्ये निवृत्त होईपर्यंत टेरेन्स क्रॉफर्ड, आणि शकूर स्टीव्हन्सन. साठ-सत्तर किलोच्या मुलाला ना फुटबॉल विचारत, ना बास्केटबॉल. तो बॉक्सिंगकडे राहतो. हे लिही, जोर देऊन लिही.

पण लगेच त्याच्या शेजारी दुसरी नोंद ठेव. 2004 मध्ये आंद्रे वॉर्डने सुवर्ण जिंकलं, त्यानंतर अमेरिकेच्या एकाही पुरुष बॉक्सरला ऑलिम्पिक सुवर्ण मिळालेलं नाही, कुठल्याच वजनात. 2012 मध्ये तर त्यांच्या पुरुषांना एकही पदक नव्हतं. पन्नास किलोचा मुलगा काही फुटबॉलने नेला नव्हता. म्हणजे बॉक्सिंगच्या स्वतःच्या घरातलं घडवण्याचं कामही ढिलं पडलंय.

ब्रिटन बघ. तिथे धिप्पाड मुलं रग्बी ओढते, फुटबॉल (आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा) तर सगळ्यांनाच ओढतो. जोशुआने बॉक्सिंग सुरू केलं अठराव्या वर्षी. तरी 2012 मध्ये सुपर हेवीवेटचं, ऑलिम्पिकमधल्या सर्वांत जड गटाचं, सुवर्ण त्याचंच, कारण शेफील्डला लॉटरीच्या पैशावर चालणारं राष्ट्रीय केंद्र त्याच्या पाठीशी होतं. अमेरिकेतही हे घडलेलं आहे. जॉर्ज फोरमन 1965 मध्ये जॉब कॉर्प्स या सरकारी योजनेत गेला, तोही फुटबॉलपटू जिम ब्राउनची जाहिरात ऐकून. तिथे त्याला बॉक्सिंग भेटलं आणि 1968 मध्ये मेक्सिको सिटीत सुवर्ण. उशिरा आलेला मुलगाही घडतो, घडवणारं कुणी हवं. वाइल्डरच्या वाट्याला ते पूर्णपणे आलं नाही असं माझं मत. अलाबामा विद्यापीठाकडून खेळायचं त्याचं स्वप्न होतं. मुलगी मणक्याच्या जन्मजात व्याधीसह जन्मली, खर्च आला, आणि विसाव्या वर्षी तो जिममध्ये शिरला. तीन वर्षांत बीजिंगला कांस्य, 2015 मध्ये जगज्जेता. उजवा हात असा की एका ठोशात लढत संपावी. बाकीचं शिक्षण मात्र अर्धंच राहिलं, हे ब्रिटनच्या टायसन फ्युरीने 2020 मध्ये त्याला हरवून सगळ्यांना दाखवलं.

सोव्हिएत संघाचा मुद्दा थोडक्यात घे, पण घे. सोव्हिएत काळात तिथले हेवीवेट व्यावसायिक रिंगमध्ये जवळपास येतच नव्हते, आणि क्रांतीनंतरच्या बंदीमुळे क्यूबाचेही. तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकलेला क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन कधीच व्यावसायिक झाला नाही. सोव्हिएत संघ मोडून दार उघडल्यावर युक्रेनचे क्लिचको बंधू आले, पुढे तिथलाच उसिक. अमेरिकन हेवीवेट कमी झाले, त्याचबरोबर समोरचे वाढले.

लेखाचा शेवट रिचर्ड टोरेझवर कर असं सुचवतो. कॅलिफोर्नियातल्या तुलारे गावचा, वडीलच प्रशिक्षक, फुटबॉलने न नेलेला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने सुपर हेवीवेटचं रौप्य मिळवलं. अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या जलोलोव्हने हरवलं. या गटात अमेरिकेचं शेवटचं सुवर्ण 1984 मध्ये लॉस एंजेलिसला टायरेल बिग्जने जिंकलं होतं. 2028 चं ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसलाच आहे. तोवर त्या गटासाठी तिथे कोण तयार होतंय, कुठल्या जिममध्ये, कुणाच्या पैशावर, ते शोधून काढ आणि मग मला पुढचा खर्डा पाठव. मी वाट बघतोय.

तुझा,
एक जुना क्रीडा पत्रकार