माहितीचा अधिकार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाला गेल्या उन्हाळ्यात टँकरने पाणीपुरवठा होता. टँकरच्या खेपा किती झाल्या व कमी का झाल्या, अशी माहिती मी ग्रामपंचायतीकडे मागितली. मुदत उलटून गेल्यावर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर आले. आता काय करावे?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. कार्यालयाच्या अभिलेखात (जतन केलेल्या कागदपत्रांत) जे आहे तेवढेच मागता येते, नव्याने माहिती तयार करून देणे अपेक्षित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु ‘किती खेपा’ हा भाग त्याच सबबीखाली नाकारणे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण खेपांची नोंद लॉगबुकात असतेच. ती ग्रामपंचायतीकडे नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम 6(3) नुसार आपला अर्ज पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवणे त्यांचे कर्तव्य होते.

उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ‘जोडपत्र ब’ या विहित नमुन्यामध्ये, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, पहिले अपील करावे. माहिती देण्याची 30 दिवसांची मुदत टळली असल्याने कलम 7(6) नुसार माहिती विनामूल्य मिळाली पाहिजे, ही मागणी त्यात अवश्य लिहावी. तेथेही दाद न मिळाल्यास 90 दिवसांत छत्रपती संभाजीनगर येथील राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

मात्र माझा आग्रह वेगळा आहे. अपिलाच्या निकालाची वाट पाहत न बसता पंचायत समितीकडे नवा अर्ज करावा आणि त्यात कागदांची नावे लिहावीत : अमुक महिन्यांतील टँकरचे लॉगबुक, वाहनाचा जीपीएस अहवाल आणि ठेकेदाराला अदा केलेली देयके. प्रती मागण्याआधी अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागावी. तो हक्क कलम 2(जे) मध्येच आहे. लॉगबुकातील एखाद्या तारखेच्या खेपा, त्याच दिवशीचा जीपीएसचा मार्ग आणि देयकात लावलेल्या खेपा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे ज्या ‘का’चे उत्तर कोणी लेखी देणार नाही ते बहुधा तिथेच सापडते. नेमकी तीच पाने निवडून दोन रुपये प्रतिपानाप्रमाणे साक्षांकित प्रती घ्याव्यात. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व 150 शब्दांच्या आत असावा, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

प्रश्न : आजोबांच्या जमिनीच्या 1954-55 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल मागितली असता ‘अभिलेख सापडत नाही’ असे कळवले आहे. हे अंतिम समजावे काय?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : मुळीच नाही. माहिती नाकारण्याची कारणे कलम 8 व 9 मध्ये दिलेली आहेत आणि ‘सापडत नाही’ हे त्यांत बसत नाही. अभिलेख कक्षाच्या नोंदवहीतील त्या गावाच्या संचिकांचे (फायलींचे) पान आणि संचिका नष्ट केली असल्यास तसा आदेश, अशा दोन गोष्टी स्वतंत्र अर्जाने मागाव्यात. नोंदवहीत संचिका असेल व नष्ट केल्याचा आदेश नसेल, तर ती गहाळ होण्यास जबाबदार कोण हे निश्चित करण्याची मागणी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 च्या आधारे अपिलात करता येते. आपल्या मराठवाड्यात जुने कागद उर्दूत असणे नेहमीचेच. त्याचे भाषांतर करून देणे कार्यालयावर बंधनकारक नसले, तरी आहे त्या लिपीतली साक्षांकित प्रत त्यांना नाकारता येणार नाही.