चर्चमध्ये पिस्तूल नेण्याआधीचं एक पत्र

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतून एका ताईंनी लिहिलं आहे. मिस्टर जाऊन चौदा महिने झाले. त्यांचं लिकर स्टोअर होतं, ते विकलं. घरातली आवराआवर मात्र आत्ता सुरू झाली आणि कपाटाच्या वरच्या खणात दोन हत्यारं निघाली. एक रिव्हॉल्व्हर, सोबत खरेदीचा परवाना आणि पावती. दुसरं पिस्तूल टॉवेलात गुंडाळलेलं, कागद एकही नाही. दुकानाच्या आधीच्या मालकानं ते ‘राहू द्या, उपयोगी पडेल’ म्हणून दिलं होतं, एवढंच ताईंना आठवतं. न्यूअर्कच्या एका चर्चमध्ये लवकरच गन बायबॅक आहे. हत्यार द्या, मोबदला घ्या, कोणी काही विचारणार नाही, असं पत्रकावर छापलंय. ताई हायवेवर गाडी चालवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे राहणारा भाचा दोन्ही हत्यारं पोचवणार आहे. भाचा एच-१बी वर, ताई ग्रीन कार्डवर. ‘शनिवारी पाठवलं तर चालेल ना?’

नाही, चालणार नाही. भाच्याला तर त्या खणाजवळही जाऊ देऊ नका.

अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि प्रत्येकात त्या पत्रकातलं एकच वाक्य अधोरेखित केलेलं असतं: कोणी काही विचारणार नाही. चर्चच्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कॅम्डनमधल्या दोन चर्चमध्ये दोन दिवसांत १,१३७ हत्यारं जमा झाली होती. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी माणसं पाद्रीबाबांच्या भरवशावर आली, म्हणून तो आकडा झाला. पण ते वाक्य म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलांनी आणि पोलिसांनी दिलेला शब्द आहे, आणि तो चर्चच्या दारात लागू होतो. तुमच्या घरापासून त्या दारापर्यंतचा हायवे त्यात येत नाही.

घरात हत्यार ठेवणाऱ्याला न्यू जर्सीचा कायदा बरीच सूट देतो. ते घराबाहेर पडलं की सूट आटते. कलम २सी:३९-६ मध्ये ने-आण कुठून कुठे करता येते ते मोजून दिलंय: विकत घेतलं तिथून घरी, घर ते स्वतःचं दुकान, घर बदलताना, दुरुस्तीला नेताना, शिवाय नेमबाजी आणि शिकारीसाठी. तेही रिकामं करून, बंद पेटीत किंवा डिकीत कुलूप लावून. बायबॅकला नेणं त्या यादीत नाही. परवान्याविना (खरेदीचा नव्हे, जवळ बाळगण्याचा) पिस्तूल बाळगणं हा इथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, शिक्षा ५ ते १० वर्षं, आणि ग्रेव्हज ॲक्टमुळे, म्हणजे हत्याराच्या गुन्ह्यांत किमान तुरुंगवास सक्तीचा करणाऱ्या कायद्यामुळे, किमान ४२ महिने पॅरोल नाही. बायबॅकला निघालेल्या माणसाला वाटेत पकडून कोणी इतकं ताणेल का? बहुधा नाही. पण त्या ‘बहुधा’वर मी कोणाला घराबाहेर पाठवणार नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, दोन मुलांची, पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना असलेली (तो न्यू जर्सीत चालत नाही), इथल्या ॲटलांटिक काउंटीत गाडीसकट थांबवली गेली. पिस्तूल असल्याचं तिनं स्वतःहून पोलिसाला सांगितलं आणि त्याच साडेतीन वर्षांच्या सक्तीला तोंड द्यायची वेळ आली. देशभर ओरड झाल्यावर सरकारी वकिलांनी पवित्रा बदलला, आणि गव्हर्नरांची माफी मिळायला एप्रिल २०१५ उजाडला. दीड वर्ष त्या बाईनं कसं काढलं असेल!

आता तुमचं सगळं ज्या कलमावर उभं आहे ते: २सी:३९-१२, स्वेच्छेनं हत्यार जमा करणं. हे कलम म्हणतं की हत्यार असं जमा करणाऱ्याला ते बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरवता येणार नाही. मात्र आधी लेखी सूचना हवी. सूचनेत जमा करण्याची तारीख आणि वेळ हवी. ती राज्य पोलिसांच्या सुपरिंटेंडंटना किंवा तुम्ही राहता त्या गावाच्या पोलीस चीफना मिळालेली हवी आणि हत्यारही त्यांच्याकडेच जायला हवं. आणि ही सूचना तक्रार, आरोप किंवा तपास सुरू होण्याच्या आधी पोचलेली हवी.

‘तुम्ही राहता त्या गावाच्या’ हे शब्द दोनदा वाचा. न्यूअर्कच्या चर्चमध्ये बसलेला अधिकारी कितीही भला असला तरी तो तुमच्या गावाचा चीफ नाही. पाद्रीबाबाही नाहीत. काही चर्च हत्यार ताब्यात न घेता आवारातच करवतीनं कापून देतात, त्या लोखंडाची पुढे कुदळ-फावडी होतात. कोलोरॅडोतून सुरू झालेलं हे काम चांगलंच आहे. पण तुमच्या कागद नसलेल्या पिस्तुलाला ते औषध नाही. कापलेल्या पिस्तुलानं कलम १२ चं संरक्षण मिळत नाही, आणि ते कधी कुठे चोरीला गेलेलं निघालं तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच प्रश्न उभा राहील.

ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं एक वाक्य आहे. दिरांनाही त्या पिस्तुलाचं माहीत आहे आणि दुकानाच्या पैशांवरून त्यांच्याशी बोलणं बंद आहे. माझ्या दृष्टीनं पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं. उद्या रागाच्या भरात त्यांनी पोलिसांना एक फोन केला आणि त्यावर तपास सुरू झाला, तर कलम १२ चं दार तुमच्यासाठी बंद. मग शनिवारचं चर्च नाही आणि मीही नाही. चौदा महिने गेले ते गेले. नवरा गेलेल्या बाईच्या हातून कपाट उघडायचं राहून जातं, हे मी समजू शकतो. पण सापडल्यानंतरचे तीन आठवडे पत्रकाची वाट बघण्यात घालवले, हे मला पटत नाही. सूचना याच आठवड्यात गेली पाहिजे.

ती तुम्ही स्वतः लिहू नका, इथल्या फौजदारी वकिलाकडून पाठवा. पत्र चार ओळींचं पुरे: नाव, पत्ता, काय जमा करायचंय, कोणत्या दिवशी, किती वाजता. पिस्तूल कोणी दिलं, का दिलं, मिस्टरांनी काय सांगितलं, यातलं एक अक्षरही नको. चुकीच्या जागी सांगितलेली खरी गोष्टसुद्धा पुढे तुमच्याविरुद्ध वाचली जाते. कायद्याला सूचना मिळाल्याचा पुरावा लागतो, नुसती पाठवल्याचा नाही, म्हणून पोच घ्या. आणि पोलिसांनीच घरी येऊन न्यावं अशी विनंती त्याच पत्रात करा. ते आले तर हायवेचा प्रश्नच उरत नाही.

भाच्याचं वेगळं सांगावं लागतं, कारण त्याचा धोका तुमच्याहून मोठा आहे. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला हत्यार किंवा गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्यात बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते त्याला लागू होत असतील असं दिसत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. कलम १२ राज्याचं आहे, ते केंद्राच्या वकिलांना बांधत नाही. डिकीत ठेवून गाडी चालवणं हे ‘बाळगणं’च. एकाच घरात राहणं, जागा माहीत असणं आणि हात पोचणं यावरूनही कोणी तसा दावा करू शकतं. तो टिकेल की नाही हे पुराव्यावर ठरेल, पण एच-१बी वरच्या मुलाला ती लढाई परवडत नाही. पोलीस येऊन जाईपर्यंत त्याला मित्राकडे राहू द्या, आणि खणाची किल्ली फक्त तुमच्याकडे.

तुम्हाला केंद्राची ही बंदी नाही. पण हत्याराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक, ग्रीन कार्ड असलेलाही, देशाबाहेर काढला जाऊ शकतो. त्यामुळे पुढे कोणी ‘किरकोळ कलमात कबुली देऊन टाका, तुरुंग टळेल’ असं सुचवलं, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

कागद असलेल्या रिव्हॉल्व्हरची काळजी कमी आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे हत्यार यायला नव्या परवान्याची गरज नाही. वारस ते बाळगायला अपात्र असेल तर विकण्यासाठी १८० दिवस मिळतात, पण त्या काळात हत्यार पोलिसांच्याच ताब्यात हवं. तुम्ही अपात्र असाल असं पत्रावरून वाटत नाही. तरीही सरोगेट कोर्टात (काउंटीचं वारसाहक्काचं कोर्ट) वारसाचे कागद अजून केलेले नाहीत, ते आधी करा. त्यानंतर ते परवानाधारक दुकानदाराला विकता येईल. तिथे बायबॅकपेक्षा भाव कदाचित बरा मिळेल, पण माझ्या मते तेही त्याच दिवशी पोलिसांना देऊन मोकळं व्हावं. पिस्तुलावर मात्र पैशांची आशा सोडा. घरी येणारा पोलीस गिफ्ट कार्ड घेऊन येत नाही.

गोळ्यांचंही सूचनेत लिहून घ्या. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन या राज्यात बेकायदा आहे, आणि टोकाशी पोकळी असलेल्या गोळ्या घरात चालतात, रस्त्यावर बहुतेक वेळा नाही. कोणत्या आहेत हे ओळखायला पेटी उघडू नका. पिस्तूल भरलेलं आहे का तेही बघू नका. टॉवेल आहे तसा राहू द्या, आणि पोलीस आले की खण कुठे आहे ते बोटानं दाखवा. जाताना त्यांच्याकडून दोन्ही हत्यारांच्या नंबरांसह पावती मागा. नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा ती लागू शकते.