बारावीनंतर जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग करायचं असेल तर सिव्हिल घ्यावं की बी.एस्सी. जिऑलॉजी?

तुम्ही विचारलंय की बोगदे आणि धरणांच्या भूगर्भीय कामात जायचंय, पण ‘जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग’ नावाची पदवी आपल्याकडे जवळपास कुठे दिसत नाही, मग काय घ्यावं. मी बी.एस्सी. जिऑलॉजीच्या वाटेने याच कामात आलो, तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

नेमकी याच नावाची पदवी हवी असेल तर ती परदेशात मिळते: अमेरिकेत कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स, कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया. खर्च झेपत असेल तर उत्तमच. आपल्याकडे सगळ्यात जवळचं म्हणजे आयआयटी रुरकीचं जिऑलॉजिकल टेक्नॉलॉजी, आणि खरगपूर व धनबादचं अप्लाइड जिऑलॉजी. तिन्हींना जेईई ॲडव्हान्स्ड लागते. अभ्यासक्रमांची नावं आणि वर्षं मधूनमधून बदलतात, म्हणून जोसाची (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी यंत्रणा) यंदाची यादी बघूनच पसंतीक्रम भरा. रँक बसत असेल तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही, डोळे मिटून घ्या.

रँक बसत नसेल तर स्वतःला एकच विचारा: तुम्हाला सही कशावर करायचीय? बोगद्याला आधार किती द्यायचा, रॉक बोल्ट (खडकात बसवायच्या पोलादी सळ्या) किती लांबीचे, शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) किती जाडीचं, या डिझाइनवर करायची असेल तर सिव्हिल करा आणि पुढे जिओटेक्निकल किंवा रॉक मेकॅनिक्समध्ये एम.टेक. समोर कुठला खडक आहे आणि तो कसा वागेल, हे सांगणाऱ्या नकाशावर करायची असेल तर जिऑलॉजी. सिव्हिलच्या चार वर्षांत जिऑलॉजीच्या वाट्याला साधारण एखादा पेपर येतो, आणि तो पास होण्यापुरताच वाचायचा अशी परंपरा आहे. उलट बी.एस्सी.ला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कोणी शिकवत नाही, ते स्वतः भरून काढावं लागतं. म्हणून फर्ग्युसन, मुंबईचं झेवियर्स, मडगावचं चौगुले, कुठेही प्रवेश घ्या, पण जोडीला गणित सोडू नका.

काम नेमकं कसं असतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. ड्रिलिंगमधून निघालेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, पेटीत रचून ठेवलेला असतो. समजा दीड मीटरचा एक रन, म्हणजे एका खेपेत ड्रिल केलेली लांबी, आहे आणि त्यातले तुकडे २२, १४, ३१, १८, १२, ९ आणि ७ सेंटिमीटरचे आहेत, उरलेला चुरा. आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी, काढताना १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच धरायचे. बेरीज ९७, म्हणजे ६५ टक्के, म्हणजे ‘फेअर’. आता ९ आणि ७ चे तुकडे उचलून त्यांची तोंडं जुळवून बघा. भेग ताजी, खरखरीत, डाग नसलेली असेल तर तो सांधा, म्हणजे खडकातली मूळची भेग, नव्हेच, ड्रिलरने पेटीत घालताना कोअर मोडलाय. मग ते दोन मिळून १६ चा एकच तुकडा होतो, बेरीज ११३, आणि आकडा ७५ वर, थेट ‘गुड’च्या उंबरठ्यावर जातो. भेगेवर लोहाचा तांबूस थर किंवा चिकणमाती दिसली तर मात्र ६५ च. हे कोअर हातात घेणाऱ्यालाच कळतं, एक्सेल शीटला कळत नाही.

आपल्या दख्खनच्या खडकात तर आकडासुद्धा फसवतो. काळा घट्ट बेसॉल्ट अतिशय मजबूत, पण सांध्यांनी चिरलेला, त्यामुळे आरक्यूडी कमी. मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या झिओलाइट खनिजाने भरलेला बेसॉल्ट, ताकदीने कमी पण सांधे मोजके, त्यामुळे आकडा झकास! काही ठिकाणी तोच झकास खडक उघडा पडल्यावर हवापाण्याने भुगा होऊ लागतो. दोन लाव्हाथरांमधला लाल गेरूचा पट्टाही तसाच, पाणी लागलं की ढासळतो. तो दिसला की शॉटक्रीटची घाई करायची.

मात्र फक्त सह्याद्री पाहून पदवी घेतलीत तर हिमालयातल्या साइटवर गडबडून जाल. इथले थर बहुतेक आडवे. तिथे फिलाइट, शिस्ट असे पापुद्र्यांचे खडक, घड्या, भ्रंश. त्यामुळे फील्ड ट्रिपला पुणे-सातारा सोडून सिंधुदुर्ग, गोवा, भंडारा, राजस्थान असं कुठेतरी नेणारं कॉलेज निवडा. प्रवेशाआधी तिथल्या सीनियरना हाच प्रश्न विचारा, प्लेसमेंटचा नंतर.

कामाचं म्हणाल तर बोगद्यात शिफ्ट असते. ब्लास्टनंतर धूर काढून सैल दगड पाडले की फेस मॅपिंगला, म्हणजे समोर उघड्या पडलेल्या खडकाची नोंद करायला, थोडाच वेळ मिळतो, मागे शॉटक्रीटवाले ताटकळत उभे असतात. घरापासून लांब, डोंगरात राहायचं. सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्रांना सांगू नये असा.

आणखी एक, हे आधीच माहीत असू द्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असेल तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा लागते, आणि तिथल्या जिऑलॉजिस्टच्या पदाला जिऑलॉजी किंवा त्याच्या शाखेतली पदव्युत्तर पदवीच हवी. नुसत्या बी.ई. सिव्हिलवर अर्जसुद्धा भरता येत नाही. हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षाला कळतं.