इंग्लंडला निघालेल्या नर्सताईंना: तिथे आपली मंडळी कशी शोधाल

ताई, प्रभूमध्ये सलाम.

सप्टेंबरात तुम्ही इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात रुजू होणार, यजमान आणि सहा वर्षांची मुलगी मागाहून येणार. नागपूरच्या सदर भागातल्या चर्चच्या मंडळीत लहानपणापासून वाढलेल्या माणसाला तिथे आपलं कोण भेटेल, की यूट्यूबवरची उपासना आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रार्थना गट यांवरच भागवावं लागेल, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: मोबाइलवर भागवू नका. घरापासून पायी जाता येईल अशी एक मंडळी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत धरा आणि तिथलं एखादं लहानसं काम अंगावर घ्या.

निघण्याआधी पाळकसाहेबांकडून तिघांच्या बाप्तिस्म्याचे दाखले, तुमच्या दोघांच्या दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) दाखले आणि मंडळीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं इंग्रजी शिफारसपत्र घ्या. पत्रात तुम्ही किती वर्षं सभासद आहात आणि मंडळीत काय काम केलंत, संडे स्कूल, महिला मंडळ, गायन, जे असेल ते नावानिशी लिहून घ्या. ‘नियमित सभासद’ एवढ्याच दोन शब्दांच्या पत्राचा तिथे काही उपयोग होत नाही. नागपुरातली वर्गणी बंद करू नका, वर्षाची एकदम भरून ठेवा. गीतांचं मराठी पुस्तक बॅगेत टाकाच. शास्त्राची सोय यूव्हर्जन अ‍ॅपवर आहे, तिथे बायबल सोसायटीचं मराठी भाषांतर मिळतं.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं, ते आपल्याच नागपुरात. सीएनआय आज जागतिक अँग्लिकन कम्युनिअनचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या जगभरच्या चर्चच्या परिवाराचं, सभासद आहे, म्हणून चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तुम्ही परक्या नाही. मेथडिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्ड चर्चमध्येही तुमचं स्वागतच होईल. मात्र तिथल्या बऱ्याच पाळकांनी सीएनआयचं नाव ऐकलेलं नसतं. नुसतं ‘आम्ही ख्रिस्ती आहोत’ म्हणालात तर ते तुम्हाला नवशिक्यांच्या वर्गाचं पत्रक देतील. ‘आमचं चर्च अँग्लिकन कम्युनिअनमध्ये आहे, माझं दृढीकरण झालेलं आहे’ असं पहिल्याच भेटीत सांगा.

शोध घ्यायचा तो ‘अ चर्च निअर यू’ या चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर. घराचा पोस्टकोड टाकला की आसपासची चर्चं आणि उपासनेच्या वेळा दिसतात. सुरुवातीला बहुधा हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहाल आणि ओस्की या नर्सिंगच्या नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीत असाल, तेव्हा जवळचं कुठलंही चर्च चालेल. कायमचं घर ठरलं की नीट निवडा. अंतराचा आग्रह धरण्याचं कारण असं की रविवारी बस कमी असतात आणि उशिरा सुरू होतात. दोन बस बदलून जायचं चर्च कितीही चांगलं असलं तरी नाइट ड्युटी करून आलेल्या माणसाकडून ते होत नाही. एक रविवार चुकतो, मग दुसरा, मग महिना जातो. घड्याळाचंही लक्षात ठेवा: मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. भिंतीवरचं घड्याळ पाहून निघालात तर मार्चमध्ये थेट शेवटच्या गीताला पोहोचाल.

सकाळी आठची उपासना बहुतेक ठिकाणी शांत असते, गाणी नसतात, माणसं मोजकी. नव्या माणसाने दहा-साडेदहाच्या मुख्य उपासनेला जावं. आत तीस-चाळीस माणसं, बहुतेक केस पिकलेली, आणि आपल्याकडे नाताळात बसायला जागा मिळत नाही ती आठवण, यामुळे मन खट्टू होतं. त्यावरून मंडळीची पारख करू नका. या म्हाताऱ्या माणसांकडे वेळ असतो. तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत तर चौकशी करणारी, डॉक्टरकडे गाडीने सोडणारी तीच असतात.

प्रभुभोजनात बहुतेक ठिकाणी एकाच प्याल्यातून खरा द्राक्षारस देतात. तो नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी चालते. मुलीला पुढे नेलंत तर तिने हात छातीवर दुमडून उभं राहायचं, म्हणजे पाळक आशीर्वाद देतात. जवळ कॅथलिक चर्च असेल तर प्रार्थनेला जरूर जा, प्रभुभोजन मात्र तिथे आपल्याला मिळत नाही.

उपासनेनंतरचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. मागच्या बाजूला किंवा हॉलमध्ये टेबलावर मोठी किटली, कपांच्या रांगा, ताटलीत बिस्किटं, आणि टेबलामागे दोघंजण ओतून देत असतात. आपली माणसं संकोचाने इथूनच निघून जातात, आणि ‘कोणी बोललंच नाही’ ही तक्रार इथेच जन्म घेते. इंग्रज माणूस अंगावर येऊन चौकशी करत नाही. कप हातात घेऊन टेबलाजवळच थांबा, नाव सांगा, नर्स आहे आणि नागपूरहून आले म्हणा. चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीने निवडलेले मुख्य कार्यकर्ते, कोण ते विचारून त्यांच्याशी ओळख करून घ्या. निघण्यापूर्वी कप धुवायला हात लावा. पुढच्या आठवड्यात लोक तुम्हाला नावाने हाक मारतील.

मग काम. चहाची पाळी, दारात स्वागत, शास्त्रवाचन. शिफ्टवाल्यांना वाचन बरं पडतं, कारण तारखा आधी ठरतात आणि त्या तुम्ही ड्युटीच्या तक्त्याप्रमाणे देऊ शकता. मुलांमध्ये काम करायचं असेल तर आधी डीबीएस ही पोलीस नोंदीची तपासणी, ओळखीच्या दोन माणसांची पत्रं आणि थोडं प्रशिक्षण लागतं. नागपुरात वीस वर्षं संडे स्कूल घेतलेल्यांनाही हे चुकत नाही. यात अविश्वास नाही, नियम सगळ्यांना सारखाच आहे. दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, राहत असलात तरी सहा महिने नियमित गेल्यावर इलेक्टोरल रोलवर (चर्चच्या मतदार यादीत) नाव घालता येतं, आणि मग वार्षिक सभेत तुमचं मत असतं. अर्पण बँकेतून दरमहा द्या आणि गिफ्ट एडचा फॉर्म भरा. तुम्ही तिथे आयकर भरत असाल तर तुमच्या दहा पौंडांवर सरकारकडून चर्चला आणखी अडीच पौंड मिळतात.

रविवारची सुट्टी मागायची तर तक्ता लागण्यापूर्वी मागा, आणि महिन्यात दोनच मागा. चारही मागितल्यात तर सहकाऱ्यांवर भार पडतो. उरलेल्या रविवारांसाठी हॉस्पिटलचं चॅपल (प्रार्थनागृह) आणि चॅप्लिन (हॉस्पिटलचे पाळक) आहेत. चॅप्लिन कर्मचाऱ्यांचेही असतात, फक्त पेशंटचे नव्हेत. यजमानांना दुकानात काम लागलं तर रविवारी काम नको असं तीन महिन्यांच्या लेखी सूचनेने सांगण्याचा हक्क त्यांना आहे. केवळ रविवारपुरती नेमणूक असेल तर तो लागू नाही.

आता ऑनलाइन. नागपूरची सकाळी साडेआठची उपासना हिवाळ्यात तिथे पहाटे तीनला आणि उन्हाळ्यात चारला येते. थेट बघण्याचा हट्ट केला तर झोप जाते आणि तिथलं चर्चही बुडतं. त्याऐवजी रविवारी दुपारी तीनला, नागपुरात हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असताना, घरच्यांबरोबर व्हिडिओवर कौटुंबिक प्रार्थना ठेवा. एक गीत, एक स्तोत्र, प्रार्थना, वीस मिनिटं. मराठीत गाणं आणि आईच्या तोंडून आपलं नाव घेऊन झालेली प्रार्थना तिथलं कुठलंही चर्च देऊ शकत नाही, ते इथूनच मिळेल. त्या शहरात नियमित मराठी उपासना असेलच असं धरून चालू नका. मल्याळी, तेलुगू, हिंदी प्रार्थना गट पुष्कळ शहरांत आहेत, महिन्यातून एकदा त्यांच्यात गेलात तर जीव रमेल.

व्हॉट्सअ‍ॅप गटांबद्दल मात्र कडक राहा. पेशंटचं नाव, वॉर्ड, आजार यांतलं काहीही प्रार्थनेच्या विनंतीत घालू नका. गोपनीयता मोडली तर नर्सिंगची नोंदणीच धोक्यात येते. ‘माझ्या कामासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरे, देवाला तपशील ठाऊक आहे. वॉर्डातही पेशंटने स्वतःहून मागितल्याशिवाय प्रार्थनेचा विषय काढू नका, आणि मागितलीच तर चॅप्लिनला बोलवा. गळ्यातला क्रूस घालण्याआधी युनिफॉर्मचे नियम वाचा. भविष्यवाणी सांगून बीज-अर्पण, म्हणजे ‘आधी पैसे पेरा, मग आशीर्वाद मिळेल’ म्हणून पैसे, मागणारे, किंवा ‘बंधू’ म्हणवून नोकरी लावून देण्याचे पैसे मागणारे भेटतील. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदा आहे. इतर मंडळ्यांमध्ये जाऊ नका असं सांगणाऱ्या, पासपोर्ट किंवा पगाराची स्लिप मागणाऱ्या गटातून त्याच दिवशी बाहेर पडा.

नोव्हेंबर ते जानेवारी कठीण जातात. दुपारी चारलाच अंधार, नाइट ड्युटी, यजमान आणि मुलगी अजून नागपुरात. या महिन्यांसाठी मंडळीचा आठवड्याच्या दिवशी भरणारा होम ग्रुप आधीच धरून ठेवा. सहा-आठ माणसं कोणाच्या तरी घरी जमतात, वचन वाचतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात, आपल्या घरगुती प्रार्थनेसारखंच. झोप उडाली, रडू आवरेनासं झालं तर चॅप्लिनशी बोला आणि जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरचीही, वेळ घ्या. प्रार्थना आणि औषध दोन्ही चालतं.

मुलीच्या शाळेसाठी चर्चच्या शाळा बघा. काही शाळा प्रवेशात नियमित उपासनेला प्राधान्य देतात आणि त्याची खात्री पाळक सहीने करून देतात, म्हणून पाळकांना तुमचा चेहरा ओळखीचा असलेला बरा. नाताळच्या दिवशी रेल्वे बंद असते आणि बसही जवळपास नसतात. चर्च लांब असेल तर घ्यायला कोण येणार, हे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चहाच्या टेबलावरच ठरवून ठेवा.